रमा हार्मोनियमची पाटी

किल्ली देण्याआधी पाटी उतरवून घरी न्यायची, असं ठरवून संहिता इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या दुकानापुढे आली होती. बाबा दिवाळीनंतर गेले. त्यांचं पेटीदुरुस्तीचं दुकान आता शेजारचा नमकीनवाला मनीष घेणार होता. शिडीही त्यानंच लावून दिली होती.

पण वर चढायला पाय उचलेना.

खरं तर या दुकानाला वर्षानुवर्षं पाटीच नव्हती. "ज्याला आपला पत्ता ठाऊक नाही, त्याला सुरातलं काय ठाऊक असणार?" असं बाबा म्हणायचे. खजरान्याच्या भजनी मंडळांपासून गाण्याच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांच्या पेट्या बिनबोभाट यायच्या. मग कोरोना आला आणि भजनं थांबली, भात्यांवर धूळ बसली. बँक छोट्या दुकानदारांना विनातारण कर्ज देतेय, असं संहितेनं सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "आपल्या पणजोबांनी होळकरांची चाकरी केली, पण हात नाही पसरला."

"पणजोबांच्या वेळी लॉकडाऊन नव्हता, बाबा."

त्यांनी अर्जावर सही केली. आठवड्यानं बँकेचा विपुल नावाचा तरुण अधिकारी पाहणीला आला.

"अंकलजी, बोर्ड के साथ दुकान का फोटो लगेगा. बोर्ड किधर है?"

"नाहीये."

"तो बनवा लो. नाम बताओ, मैं लिख लेता हूँ."

आईला जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. तिला त्यांनी जन्मभर 'अगं, ऐकलंस का' अशीच हाक मारली. नाव घेतलं ते फक्त लग्नात, उखाण्यात. दुकानाला दुसरं नाव सुचेना आणि सुचलेलं नुसतं उच्चारवेना. शेवटी घसा खाकरून, भिंतीकडे बघत ते म्हणाले,

"पेटीला सूर देतो भात्याचा श्वास, रमाचं नाव घेतो बँकेसाठी खास."

विपुल संहितेकडे वळला. "मैडम, इसमें दुकान का नाम कौनसा हुआ?"

हसता हसता ती स्टुलावर बसली. मास्कच्या वर बाबांचे कान लालबुंद झाले होते.

पाटी लागली, फोटो निघाला, कर्ज आलं. दुकान तगलं आणि कर्ज बाबांनीच फेडलंही.

"दीदी, मी चढू का?" मनीषनं विचारलं. "वैसे उतरवायची गरजच काय? उद्या पेंटर येतोय, त्यावरच रंग मारून घेऊ. फ्लॅटमध्ये कुठे ठेवाल?"

खरंच, कुठे? कपाटामागे. आणि बाबांनी तर ते नाव परक्या माणसासमोर घेतलं होतं, ते रस्त्यावर लागावं म्हणून. पण व्यवहार ठरून गेला होता. आता काही मागायचं म्हणजे हात पसरणंच. मग तिला बाबांचे ते कान आठवले.

"मनीष भिया, एक मागू?"

"मागो न."

"रंग फक्त हार्मोनियमवर मारा. रमा राहू द्या."

मनीष लॉकडाऊननंतर इथे आलेला. त्यानं वर बघितलं. "मला वाटलं, लक्ष्मीचं नाव आहे. कोण या?"

"माझी आई."

"रमा नमकीन," त्यानं पुटपुटून पाहिलं. "चलेगा. पण घरी बायको विचारेल, ये रमा कौन है? तिला तुम्हीच येऊन सांगा हां, मी नाही पडणार त्यात."

संहितेला हसू आलं. किती तरी दिवसांनी. तिनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली.