सोनगीरचं मटण

आमच्या घरातली पितळी घागर दर बुधवारी दुरुस्तीला सोनगीरला जायची आणि संध्याकाळी परत यायची. पोचा जिथल्या तिथे. पहिल्या एक-दोन वेळा मी म्हटलं, असेल, तांबटाला वेळ नसेल. पुढच्या बुधवारी घागर पुन्हा पिशवीत गेली तेव्हा मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. मी रागीट आहे, पण बावळट नाही.

घागर नेणारे म्हणजे आमचे हे, भाईदास. जन्मभर एसटी चालवली. धुळ्याहून शिरपूर, सेंधव्याकडे जाताना आग्रा रोडवर कुठल्या ढाब्यावर काय चांगलं मिळतं ते या माणसाला झोपेतून उठवून विचारा. रिटायर झाले, आता जरा सुखानं बसू म्हटलं, तर हार्ट अटॅक. स्टेंट बसवली. सुटी देताना डॉक्टर म्हणाले, "मटण बंद. तेल-मीठ कमी. रोज चालायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि टेन्शन द्यायचं नाही." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून म्हणाले.

मी घरी आले आणि काळ्या मसाल्याचा डबा उचलून माळ्यावर टाकला. धुळ्यात, आमच्या अख्ख्या देवपुरात माझ्या हातच्या भाजीचं नाव होतं. आमच्याकडे मटणालाही भाजीच म्हणतात. चौदा एप्रिलला विहाराच्या अंगणात मोठं पातेलं चढलं की बाया म्हणायच्या, लिलाबाई येऊ द्या, मग मसाला टाका. ते सगळं मी बंद केलं. दुधी, पडवळ, मुगाचं पिवळं वरण. हे ताटावर बसले की मी समोर उभी, काय खातात, किती खातात ते बघत. मी स्वतः मागून ओट्याशी उभ्या-उभ्या दोन घास खायचे. खरं सांगू, मला भीती बसली होती. दवाखान्यात त्यांचा हात गार पडलेला मी धरून बसले होते, तो गारवा माझ्या हातातून जात नव्हता.

एकदा, एकदाच, ते म्हणाले होते, "लिला, नुसता रस्सा तरी कर गं थोडा." मी एवढी रडले, एवढी ओरडले, मला पांढऱ्या कपाळाची करायचं ठरवलंय का तुम्ही, असं काय काय बोलले, की शेजारची बेबाबाई धावत आली. त्यानंतर त्यांनी तोंडातून मसाल्याचं नाव काढलं नाही. जे वाढेल ते मुकाट्याने खायचे. वजन उतरलं, बोलणं उतरलं, टीव्हीसमोर बसायचे पण बघायचे नाहीत.

आणि मग सुरू झाल्या या घागरीच्या फेऱ्या. बुधवारी रात्री स्वारी खुशीत. दुधीची भाजीसुद्धा "छान झालीय" म्हणून खायची. दुधी कधी छान होते का?

एका गुरुवारी कपडे धुवायला घेतले तर शर्टाच्या बाहीवर काळपट लाल डाग. नाकाला लावला. तर्री. मटणाची तर्री, शंभर टक्के. बाथरूममध्ये स्टुलावर बसून राहिले. वाटलं, आत जावं आणि शर्ट तोंडावर फेकून मारावा. पण डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य आठवलं. भांडले तर यांचं बीपी चढणार, गप्प बसले तर मटण चढणार. दोन्हीकडून मीच मरणार.

मग मला आमची मृणाली आठवली.

मृणाली म्हणजे माझी मुलगी, जळगावला अन्नाच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. तिचं काम काय, तर डाळीपासून मटण. ऐकलं तेव्हा मी हसले होते. जळगावात डाळ मिल्स किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. तिथं डाळ भरडताना चुरी पडते. त्या चुरीतलं प्रोटीन ही पोरगी वेगळं काढते, मग यंत्रात तापवून, दाबून असं काही बाहेर ढकलते की मटणासारखे धागे सुटतात. जगभर चाललंय म्हणे हे. तिचा बाप पहिल्यांदा ऐकून म्हणाला होता, "म्हशीचा खुराक माणसाला घालते का गं?" ती चिडली होती. तिच्या त्या तुकड्यांची अडचण एकच होती, कच्च्या हरभऱ्याचा वास. तो घालवायच्या मागे ती वर्षभर लागली होती.

मी तिला फोन केला. "तुझं ते मटण चाखायला माणसं लागतात ना? आमच्या महिला मंडळाला देते."

"दे, पण आई, आधी सांगून द्यायचं. कशाचं आहे ते सांगायचं, कुणाला डाळीची, सोयाची अ‍ॅलर्जी आहे का विचारायचं, त्यांनी हो म्हटलं तरच. आणि मीठ कमी घाल. या प्रकारात मीठ वाढलं की सगळा फायदा पाण्यात जातो."

"हो गं बाई," मी म्हटलं. आमच्या घरात वरणाशिवाय माणसाचा दिवस जात नाही, अ‍ॅलर्जी कसली. बाकीचं मी ऐकल्यासारखं केलं.

शनिवारी ती घरी आली तेव्हा बर्फाच्या डब्यात तुकडे घेऊन आली. मी ते फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली दडवले. माळ्यावरून मसाल्याचा डबा काढला. हे खाली पेपर वाचत होते, म्हटलं, माळा झाडतेय. बेबाबाईच्या घरी जाऊन कांदा-खोबरं भाजलं, वाटण केलं. आणि मंगळवारी तुकडे आणि वाटण पिशवीत घालून सोनगीरची एसटी धरली.

ढाबा शोधायला काही कष्ट पडले नाहीत. फाट्यावर उतरून विचारलं, धुळ्याचे रिटायर ड्रायव्हर कुठे जेवतात. समोरच बोट दाखवलं. जीवरामचा ढाबा. जीवराम गल्ल्यावर पेंगत होता, चुलीपाशी त्याची बायको मंजुळाबाई. मी तिच्यापाशी जाऊन सांगितलं, मी कोण, आणि तू माझ्या नवऱ्याला मारायला निघालीस.

तिने पळी खाली ठेवली. "बाई, माणसं खायालेच येतस आठे. मी काय त्यासना डॉक्टरना कागद पाहू?"

बरोबर होतं तिचं, ढाब्यावर माणसं खायलाच येतात, ती काय डॉक्टरचे कागद तपासणार. पण मी स्टेंटचं सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा बदलला. तिचा मोठा भाऊ असाच गेला होता, दवाखान्यात पोचायच्या आधी. मग आम्ही दोघी बाजेवर बसलो, चहा झाला, आणि बेत ठरला. भाईदासभाऊंसाठी वेगळं छोटं पातेलं. तुकडे मृणालीचे, वाटण माझं. तेल चमचाभर, मीठ हात आखडून. जीवरामला काही सांगायचं नाही, तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर हसून मोकळा होईल.

बुधवारी हे घागर घेऊन निघाले. मी दारात उभी राहून म्हटलं, "या वेळेला नीट करून आणा."

"हो हो, आज होईलच," म्हणाले.

दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एका घासात ओळखलं तर? ताट सरकवून दुसऱ्या ढाब्यावर गेले तर? दुपारी मंजुळाबाईचा फोन. "बठ्ठं खाई गयात भाऊ. वाटी चाटीसन." सगळं संपवलं होतं. मी ओट्याशी उभी राहून एकटीच हसले. पोरीचं मटण पास झालं होतं.

तेव्हापासून आमचं चक्र सुरू झालं. मंगळवारी सकाळी शिरपूर गाडीचा कंडक्टर पंडित माझा डबा घेऊन जायचा. ड्रायव्हरच्या बायकोला एसटीत एवढा मान असतो. बुधवारी हे घागर घेऊन जायचे. मृणाली नवे तुकडे आणायची आणि विचारायची, "मंडळातल्या बाया काय म्हणतात?" मी म्हणायची, "वाटी चाटतात."

हिवाळा गेला, उन्हाळा चढला. हे सकाळी पांझरा नदीच्या काठाने चालायला जाऊ लागले. गालावर मांस आलं. बेबाबाईला चक्क चिडवू लागले. घागरीचा पोचा मात्र तसाच होता, त्याकडे बघून मला एकटीला हसू यायचं.

मग तपासणीची तारीख आली. मृणाली रजा काढून आली होती. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा बघितला. "वा. वाईट कोलेस्टेरॉल चांगलं उतरलंय. गोळ्या, चालणं आणि जेवण, तिन्ही जमलंय तुम्हाला. असंच चालू ठेवा." हे खाली मान घालून बसले होते. चोर कसा बसतो, तसे. मला इतका आनंद झाला की डॉक्टरांच्या समोर डोळ्याला पदर लावला. आणि त्या आनंदाबरोबरच इतके दिवस दाबून ठेवलेला रागही वर आला.

घरी आल्या-आल्या मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "आता सांगा, सोनगीरला घागर दुरुस्त होते का मटण शिजतं?"

त्यांनी चप्पल काढता काढता वर बघितलं. मृणाली पाणी पीत होती, ती थांबली.

"बोला ना. मी रोज नेमानं दुधी शिजवते आणि तुम्ही ढाब्यावर तर्री ओरपता. पण मीही काही कमी नाही. थंडी पडल्यापासून तुम्ही जे खाताय ते मटण नव्हतंच. तुमच्या लेकीची डाळ होती ती. म्हशीचा खुराक. फसवलं की नाही तुम्हाला?"

मला वाटलं आता यांचा चेहरा पडेल. त्याआधी मृणालीच भडकली. "आई, बाबांना? न सांगता? मी तुला किती वेळा सांगितलं होतं, माणसाला सांगून द्यायचं असतं. मंडळाच्या बाया म्हणजे बाबा होते का?" रागाने तिचा आवाज चिरकला. ती हुबेहूब माझ्यावर गेली आहे.

"मृणाली, थांब जरा," हे म्हणाले आणि खुर्चीत नीट टेकून बसले. "माले पहिला घासलेच समजनं."

मृणालीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आग्रा रोडचं मटण जन्मभर खाल्लंय मी. मटण दाढेत अडकतं, काडी घेऊन बसावं लागतं. हे अडकेना. आणि आधी आधी हरभऱ्याचा वास यायचा. होळीनंतर गेला तो. काय केलं होतंस गं?"

मृणालीचा राग कुठल्या कुठे गेला. ती स्टूल ओढून बापासमोर बसली. "खरंच गेला? पूर्ण? की मसाल्यात झाकला गेला?"

"गेला. मी एक तुकडा धुऊन खाल्ला होता, पाण्यात."

ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रयोगशाळेत एवढी माणसं आणून बसवली, धुऊन खायचं कुणाला सुचलं नाही, म्हणाली. मग बापलेकीचं सुरू झालं, चावायला कसं, चरबीचं काय करता येईल, हाडाची मजा कुठून आणायची. आणि मी मध्ये उभी, हात कमरेवर, भांडण हातातून निसटलेलं.

"अहो पण," मी म्हटलं, "मटण नाही हे पहिल्याच घासाला कळलं, तर दर बुधवारी घागर घेऊन एवढ्या उन्हातान्हात जात कशाला होतात? शेजारी दुसरा ढाबा होता."

त्यांनी आधी मृणालीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "रस्सा तुन्हा हातना व्हता ना," ते म्हणाले. "घरी मागितला तर तू रडायचीस. म्हटलं, तिकडून येतोय तर येऊ द्यावा. मी बोललो असतो तर तू तोही बंद केला असतास."

मी सोनगीर पालथं घातलं, बायांशी बेत केले, कंडक्टर कामाला लावला, फ्रीजर भरला. आणि नवऱ्याला पाहिजे होतं ते सगळं माझ्याच स्वयंपाकघरात होतं, फक्त मी त्याला आत येऊ देत नव्हते. मला माझाच राग आला आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की काय सांगू. माझ्या हाताची चव ओळखणारा माणूस जिवंत होता, समोर खुर्चीत बसला होता, आणि त्याचा रिपोर्ट चांगला आला होता.

मी आत गेले. खोबरं गॅसवर धरलं, कांदा भाजला. इतक्या महिन्यांनी घरभर तो वास सुटला. हे येऊन दाराशी पाटावर बसले, मी हाकललं नाही. मृणालीने मटारखालचे तुकडे काढून दिले आणि मिठाच्या डब्यावर हातच ठेवला. "अर्धाच चमचा, आई."

"माहीत आहे मला. तूच शिकव आता स्वयंपाक."

ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. तीन ताटं घेतली. मी ओट्याशी उभी राहिले नाही, त्यांच्या समोर मांडी घालून बसले, माझ्या वाटीतही तोच रस्सा. त्यांनी भाकरी चुरली, बोटं बुडवली, पहिला घास घेतला. मी विचारलं, "सोनगीरच्यापेक्षा बरा झालाय का?"

"रस्सा तोच शे," ते म्हणाले. "तठे तू नव्हती."

मृणाली ताटात बघून हसत होती. मी म्हटलं, जेवा आता गुपचूप, गार होतंय.