दोन दीपगृहे पाणी

भाताचा पुन्हा चिखल झाला होता.

लिफ्टवाल्याने भांड्यात डाव घातला, आणि तो बाहेर काढताना चिखलातून पाय उपसल्यासारखा आवाज आला. तरी तोंड न पाडता त्याने तीन ताटांत वाढले. लागोपाठ पाचवा रविवार. डाळ तर इतकी पातळ, की ताटात पडल्या पडल्या धावत सुटली आणि कोबीच्या भाजीला जाऊन मिळाली.

"बाबा, पाणी किती घातलंत?" धाकट्याने विचारले.

"दोन दीपगृहं."

"मागच्या रविवारीही दोनच म्हणालात."

"मग काय वाढवून सांगू? दोनच असतात."

धाकट्याने बहिणीकडे पाहिले. थोरली चमच्याने भाताचा गोळा इकडून तिकडे सरकवत होती. तिने मान वर केली नाही.

दीपगृह म्हणजे एक मग. या घरात मोजायची भांडी कधी आलीच नाहीत. तीस वर्षांत या कुटुंबाच्या सहा सहली झाल्या, आणि प्रत्येक सहलीहून आठवण म्हणून एक मग आला. तळ्याचा, किल्ल्याचा, पुलाचा, दीपगृहाचा, असे सहा. त्यातून कुणी चहा प्यायला असेल तर शपथ! लिफ्टवाल्याच्या बायकोने सगळे मग स्वयंपाकघरात मापाला लावले आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. 'भात, चौघांचा. तांदूळ तळं एक, सपाट. पाणी दीपगृह दोन. डाळ, चौघांची. किल्ला अर्धा, पाणी दीपगृह तीन.' भोपळ्याचे सूप, वाटाणे, सगळे त्याच हिशेबाने. परक्या माणसाने वाचले असते तर त्याला वाटले असते, ही बाई कुठल्या तरी मोहिमेवर निघाली आहे.

मांस-मच्छी या घरात कधी शिजली नाही. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीतले मेकॅनिक त्याचा डबा पाहून हसायचे. "काय रे, आज कुठलं गवत?" म्हणायचे, आणि झाकण निघाले की पहिला चमचा त्यांचाच पडायचा. बायकोला जाऊन दीड वर्ष झाले होते. तेव्हापासून रविवारचे जेवण तो करायचा, तो कागद वाचून, चौघांचेच. मुले जेवायला यायची. पहिले वर्षभर भात असा व्हायचा, की धाकटा पहिला घास घेऊन म्हणायचा, "आईच आहे आत."

आणि आता हे.

"बाबा, राग मानू नका," धाकटा म्हणाला. "पण स्मरणशक्ती तपासताना डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, तुम्हाला दोनच आठवले."

"त्यांना म्हणावं, सात मजली इमारतीच्या लिफ्टची वायरिंग एका दमात सांगा. मग मी तुमचा तिसरा शब्द सांगतो."

"हसण्यावारी नेऊ नका. त्या वृद्धनिवासात खोली रिकामी झालीये. बाग आहे, नर्स आहे, वेळच्या वेळी जेवण आहे. फॉर्म भरून आणलाय, फक्त तुमची सही हवी. इथं एकटे असता, उद्या गॅस चालू राहिला तर?"

"राहिलाय का कधी?"

"भातही असा कधी झाला नव्हता, बाबा."

हे मात्र लिफ्टवाल्याच्या वर्मी लागले. त्याने ताट पुढे सरकवले.

"ठीक आहे. पुढच्या रविवारी परत भात करतो. मोकळा झाला, तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. नाही झाला, तर इथंच, याच टेबलावर सही करतो."

"बाबा, असं कुणी भातावर ठरवतं का?" थोरली एकदम म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता.

"मग कशावर ठरवतात? तीन शब्दांवर?"

ती पुढे काही तरी बोलणार होती. तोंड उघडलेही होते. मग तिने ते मिटले, ताटे गोळा केली आणि सिंकशी जाऊन नळ सोडला. रविवारची भांडी नेहमी तीच घासायची.

सोमवारपासून लिफ्टवाल्याने सरावच लावला. सोमवारी चिखल, मंगळवारी चिखल. चाळीस वर्षे त्याचा एक नेम होता. लिफ्ट अडकली की आधी आपले काम तपासायचे, नट आपण पिळला होता ना, वायर आपण लावली होती ना, आणि मगच यंत्राला नाव ठेवायचे. त्या नेमापायी त्याने किती तरी जीव सांभाळले होते. आता तोच नेम त्याच्या मुळावर आला. एक मग ओतला की तो मोठ्याने "एक" म्हणायचा. दुसरा ओतताना मनात यायचे, हा दुसरा की तिसरा? मग तो प्रत्येक मगामागे ओट्यावर एक वाटाणा ठेवू लागला. वाटाणे दोनच व्हायचे आणि भात तो तसाच.

बुधवारी वायरमन आला. दोघांनी एका कंपनीत उमेदवारी केली होती आणि एकाच महिन्यात निवृत्त झाले होते. वायरमनने भांड्यात डोकावून पाहिले.

"अरे, मग पाणी कमी घाल की! यात एवढं रडण्यासारखं काय आहे?"

"तिनं दोन लिहिलंय."

"तिनं लिहिलंय, पण शिजवतोयस तू ना?"

"म्हणजे ती चुकली म्हणतोस?"

"मी कशाला तिला चूक म्हणू, बाबा! जिवंत होती तोवर कधी म्हटलं नाही, आता काय म्हणणार?" वायरमनने हात जोडले. "पण पाणी कमी घाल."

लिफ्टवाल्याने घातले नाही. दीड वर्षात त्या कागदावरचा एक काना त्याने इकडचा तिकडे केला नव्हता. ती गेल्यावर जे काही तिच्या शब्दाने चालत होते ते एवढेच. ती बरोबर होती आणि मगही बरोबर होता. राहिले कोण? तो स्वतः. शनिवारी तो कुलूप लावून जिन्यावरून तीनदा परत आला, गॅसची कळ पाहायला. घरी येऊन त्याने स्वतःचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहिला आणि खिशात ठेवला. इतकी भीती त्याला कधी लिफ्टच्या खड्ड्यात उतरतानाही वाटली नव्हती.

रविवारी भाताचा चिखल झाला. लिफ्टवाल्याने चष्मा लावला, धाकट्याने दाखवले तिथे सही केली आणि पेन परत दिले.

"बाबा, तुमच्या भल्यासाठीच हो," धाकटा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते खरे होते. थोरली सिंकशी पाठमोरी उभी होती. नळ पूर्ण सोडलेला होता आणि घासायला एकही भांडे नव्हते.

निवासात एकच खोके न्यायची मुभा होती. मंगळवारी सकाळी लिफ्टवाल्याने त्यात काय भरायचे ते ठरवले. दोन स्वेटर, बायकोचा फोटो आणि सहा मग. स्वयंपाक तिथे करायचा नव्हता, पण मग मागे ठेवून जाईल तर तो कसला. एकेक मग तो वर्तमानपत्रात गुंडाळू लागला. तळे झाले, किल्ला झाला, पूल झाला. पुलाच्या बुडावरचा लाल ठिपका पाहून तो स्वतःशीच हसला. थोरलीने लहानपणी त्या मगात रंगाचे ब्रश बुचकळले होते. त्या दिवशी तिच्या आईने सगळ्या मगांच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि बजावले, "ठिपकेवाल्याला कुणी हात लावला, तर गाठ माझ्याशी आहे."

मग त्याने दीपगृह उलटे केले. बूड पांढरे स्वच्छ होते.

त्याने चष्मा पुसला. बुडावरून अंगठा फिरवला. खिडकीशी जाऊन पुन्हा पाहिले. ठिपका नव्हता, आणि कधी असल्याची खूणही नव्हती. चित्र तेच, उंची तीच, कानही तसाच. गेले काही दिवस मग हाताला हलका लागत होता, पण त्याला वाटले, थोरलीने घासून घासून चकचकीत केला आहे, म्हणून. आता त्याने मगाची कड चिमटीत धरली. जुना मग जाड होता, कड चिमटीत मावायची नाही इतका. हा पातळ. बाहेरून तेवढाच आणि आतून ऐसपैस. त्याने तळे कागदातून सोडवले, दीपगृह पाण्याने भरले आणि तळ्यात ओतले. तळे काठोकाठ भरले तरी दीपगृहात चांगले तीन-चार घोट पाणी राहिले. जुने दीपगृह भरून ओतले की वर एक घोट राहायचा. फार तर दीड.

लिफ्टवाला ओट्याला टेकून मोठमोठ्याने हसला. डोके शाबूत होते! वाटाणे खरे होते, दोन म्हणजे दोनच होते. त्याने खिशातली चिठ्ठी काढून चुरगाळली आणि खिडकीबाहेर भिरकावली. वायरमनला फोन करावा, धाकट्याला फोन करावा, साऱ्या जगाला ओरडून सांगावे असे त्याला झाले. फोन हातात घेतला आणि मग त्याच्या मनात आले, रविवारची भांडी कोण घासते?

तो खुर्चीवर बसला. फोन तसाच हातात राहिला.

दीपगृह तिचेच होते. त्या दीपगृहाच्या सहलीला गेले तेव्हा थोरली नऊ वर्षांची होती. अर्ध्या जिन्यात तिचे पाय दुखायला लागले आणि तिने भोकाड पसरले. बायको म्हणाली, "लिफ्ट नाही म्हणून रडतेय, लिफ्टवाल्याची लेक शोभतेस हो!" मग त्यानेच तिला पाठुंगळी घेतले आणि उरलेल्या सगळ्या पायऱ्या चढून गेला. वर पोचल्यावर तिने त्याच्या कानात सांगितले होते, "बाबा, मी खोटंच रडत होते." खाली आल्यावर मग तिनेच निवडला.

बुधवारी थोरली त्याला न्यायला आली, तेव्हा टेबलावर दोन ताटे मांडलेली होती. खोके दाराशी नव्हते.

"हे काय बाबा? अकरा वाजता पोचायचंय आपल्याला."

"बस. दोन घास खाऊन घे."

त्याने भात वाढला. शीत न् शीत सुटे होते. त्यावर त्याने डाळ घातली आणि डाळ जिथे घातली तिथेच राहिली. थोरलीने घास घेतला आणि तिचा हात ताटातच थांबला.

"दीडच दीपगृह घातलं," लिफ्टवाला म्हणाला. "तिनं दोन लिहिलंय, पण तिच्याकडं मग वेगळा होता."

थोरलीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ती घाईघाईने बोलू लागली.

"घासताना हातातून निसटला, बाबा. आईची आठवण, तुम्हाला कसं सांगू? तस्साच दुसरा ऑनलाइन मिळाला, तो आणून ठेवला. माप वेगळं असेल हे डोक्यातही आलं नाही माझ्या, देवाशप्पथ!"

"बरं. आणि नंतर?"

तिने ताटातली दोन शिते बोटाने बाजूला केली.

"दुसऱ्या रविवारी? तिसऱ्या?"

"नंतर आलं," ती म्हणाली. "तिसऱ्या रविवारी आलं लक्षात."

"धाकट्याला?"

"त्याला काही माहीत नाही. बाबा, मी इथनं गेले की रात्रभर मला झोप लागत नाही. फोन वाजला की काळजात धस्स होतं. तुम्ही कुणाचं ऐकत नाही. मला वाटलं, निदान असं तरी…"

"मला वेडा ठरवून."

"तसं नाही हो, बाबा!"

"मी चिठ्ठीवर नंबर लिहून खिशात घालत होतो. स्वतःचा नंबर! आणि तू समोर बसून तो चिखल गिळत होतीस." त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "तोंडाने म्हणाली असतीस ना, बाबा, माझ्यासाठी जा, तर कदाचित गेलोही असतो."

थोरली तोंडाला पदर लावून रडू लागली. "मी फॉर्म फाडते. आत्ता फाडते. धाकट्याला सगळं खरं सांगते."

"निवासाला मी सकाळीच फोन केलाय, येत नाही म्हणून. धाकट्याला काय सांगायचं ते तुझं तू बघ." तो उठला, कपाटातून दीपगृह काढले आणि तिच्यापुढे ठेवले. "हा घेऊन जा. तुझा आहे, तू आणलास."

"आणि रविवारी?" तिने कसेबसे विचारले.

लिफ्टवाल्याने कपाटाच्या दाराकडे पाहिले.

"रविवारी मी एकटा जेवीन."

ती जिना उतरून गेली. तिच्या चपलांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू आला. लिफ्टवाल्याने कपाट पुन्हा उघडले आणि कागद वरून खालपर्यंत वाचला. भात चौघांचा, डाळ चौघांची, सूप चौघांचे. एकट्याचे माप तिने कुठेच लिहिले नव्हते. त्याने पेन्सिल आणली, कागदाच्या तळाशी 'भात, एकाचा' एवढे लिहिले आणि पुढे काय लिहावे ते न सुचून पेन्सिल कानावर ठेवली.

टेबलावर थोरलीचे ताट तसेच होते, एका घासाने उणे. अन्न टाकायची या घराची रीत नव्हती. तो तिच्या खुर्चीवर बसला आणि जेवू लागला. भात गार झाला होता, पण अजून मोकळाच होता.