एलिओदोरोंची आरोळी

प्रोफे एलिओदोरोंची बैठकीवर जेवढी श्रद्धा होती, तेवढी कोलंबियातल्या बुएनावेन्तुरा बंदराच्या पाद्रीबुवांची देवावर नसेल. मासळीबाजारामागच्या जुन्या बर्फखान्यात त्यांची वजन उचलण्याची तालीम होती, आणि प्रोफे म्हणजे तिथले वस्ताद. तिथे येईल त्याला ते आधी एकच गोष्ट शिकवत: वजनांचा बार खांद्यावर घ्यायचा, खाली बसायचं, उठायचं. महिने जायचे, पण गाडी त्यापुढे सरकायची नाही. “टाचा रोव! गुडघे बाहेर! खाली काय बघतोस, नाणं पडलंय का तुझं?” कमरेची घडी गुडघ्याच्या खाली गेली नाही, तर ती बैठक त्यांच्या लेखी झालीच नाही. काली शहरात तालीम चालवणाऱ्या निल्साबाईंची पोरं अर्ध्यातूनच उठतात, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते ऐकवायला कुणी विचारायची वाट ते बघत नसत.

आपण पुरेसे खाली गेलो की नाही, हे बसणाऱ्याला दिसत नाही, शिकवणाऱ्याला दिसतं. म्हणून त्यांनी नियमच केला होता की प्रोफे “वर!” असं ओरडल्याशिवाय कुणी उठायचं नाही. आरोळी अशी की बंदरावरचे हमालसुद्धा पोतं सावरत. हा नियम सगळ्यांत इमानानं पाळायची ती यूरलेनी. सकाळभर आईच्या गाळ्यावर मासे साफ करून ती तालमीत यायची, बार घेऊन बसायची आणि मांड्या लटपटल्या तरी आरोळी ऐकल्याखेरीज हलायची नाही. “पोरगी नाही, सोनं आहे सोनं!” प्रोफे बाजारभर सांगत फिरत.

त्या वर्षी प्रांताची वजन उचलण्याची स्पर्धा बुएनावेन्तुरालाच भरली. यूरलेनी आपल्या गटात जिंकली की प्रांताच्या संघात जाणार, यात कुणाला शंका नव्हती. अट एवढीच की सुरुवातीच्या बैठकीच्या तीन प्रयत्नांपैकी एक तरी बरोबर ठरायला हवा, नाहीतर पुढचं काही न उचलताच घरी. प्रोफेंच्या तालमीतून आजवर एकही जण संघात गेला नव्हता. हे दुखणं त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं, पण ते साऱ्या गावाला ठाऊक होतं.

आणि नेमकी कालीच्या रस्त्यावर दरड कोसळली. एक पंच पलीकडेच अडकला. मुख्य पंच बेहारानो घाम पुसत प्रोफेंकडे आले.

“एलिओदोरो, दरवर्षी बोंबलता ना, पंच आंधळे आहेत म्हणून? मग बसा आता खुर्चीवर. आमची तरी दृष्टी सुधारेल.”

“पण माझी पोरगी आहे स्पर्धेत.”

“मग नका बसू. पंचाचं जाकीट दुसऱ्या कुणाला देतो.”

जाकीट निळं होतं, खिशावर सोनेरी बिल्ला होता. प्रोफेंनी ते नुसतं अंगाला लावून बघितलं आणि मग काढवेना. यूरलेनीला त्यांनी घाईघाईत निल्साबाईंच्या हवाली केलं. “तेवढं बघा हिच्याकडे. आणि हिला तुमच्या सवयी लावू नका!”

“सवयी लावायला एक दिवस पुरत नाही हो,” निल्साबाई म्हणाल्या. “तुम्ही जा, नवरदेव, खुर्ची गार होतेय.”

पंचानं तोंड उघडायचं नसतं, ही गोष्ट प्रोफेंना आठवली तेव्हा यूरलेनी बारखाली शिरली होती.

सुरू करायची खूण म्हणून बेहारानोंचा हात खाली आला. ती सुरेख बसली, अगदी प्रोफेंच्या मनासारखी. आणि बसूनच राहिली. प्रोफेंनी भुवया उंचावल्या. हनुवटी वर केली. खुर्चीतून स्वतः चार बोटं वर उठले. पोरगी आपली आरोळीची वाट बघतेय! शेवटी पाय डळमळले आणि दोन्ही बाजूच्या मदतनिसांनी बार धरला. तिन्ही पंचांचे दिवे लाल, म्हणजे प्रयत्न बाद.

दुसऱ्या खेपेला निल्साबाईंनी शहाणपणा केला. यूरलेनी खाली जाते न जाते तोच त्यांनी खणखणीत “वर!” दिला. पोरगी आज्ञाधारक, ताडकन उठली. एक दिवा पांढरा लागला, एक लाल. सगळ्यांच्या माना प्रोफेंकडे वळल्या. बोटभर कमी होती बैठक. बोटभरच! पण आयुष्यभर ज्या बोटासाठी त्यांनी जगाशी भांडण मांडलं होतं, ते आज कुठल्या तोंडानं सोडायचं? प्रोफेंनी लाल दिवा दाबला.

“शाब्बास, हरिश्चंद्र!” मागून कुणीतरी ओरडलं. यूरलेनीची आई त्याहून वाईट काहीतरी बोलली.

यूरलेनीनं मात्र प्रोफेंकडे एकदा नीट बघितलं, निल्साबाईंच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि दोघी पडद्याआड गेल्या.

तिसऱ्या प्रयत्नाला ती आली तेव्हा प्रोफेंना जाकिटात गुदमरायला होत होतं. ती खाली गेली. कमरेची घडी गुडघ्याखाली उतरली. आता पुन्हा बसून राहील, पुन्हा पाय डळमळतील, आणि पोर उद्या गाळ्यावर जाऊन मासे खरवडत बसेल, तेही माझ्या या बिल्ल्यापायी! प्रोफे खुर्ची पाडून उभे राहिले.

“वर!”

छपराचे पत्रे थरथरले. यूरलेनी उठली, ताठ उभी राहिली, बेहारानोंनी हात मागे नेल्यावर बार जागेवर ठेवला. सभागृह नाचायला लागलं.

बेहारानो लालबुंद झाले होते. पंचानं ओरडावं हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी भर सभागृहात जाकीट काढून घेतलं, प्रोफेंचा दिवा बाद केला आणि पुन्हा कधी त्यांना पंचाच्या खुर्चीजवळ फिरकू देणार नाही असं जाहीर केलं. उरलेले दोन दिवे पांढरे होते. दोन पुरेसे असतात.

प्रोफेंना कसलंच दुःख झालं नाही. घामेजल्या बनियनवर ते पडद्याकडे निघाले तेव्हा वाटेत लोक पाठ थोपटत होते. जाकीट गेलं, अब्रू गेली, पण पोर संघात चालली आणि ती कुणाच्या आवाजावर उठली ते साऱ्या गावानं ऐकलं होतं. त्यांचे डोळे भरून आले.

“बघितलंस, पोरी?” ते दारातूनच म्हणाले. “मी नसतो ओरडलो, तर अजून खालीच बसली असतीस. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं नव्हतो ओरडलो मी!”

निल्साबाईंनी तोंडाला टॉवेल लावला. यूरलेनी प्रोफेंच्या हलणाऱ्या ओठांकडे बघून हसली आणि मग दोन्ही कानांतून कापसाचे चांगले जाडजूड बोळे बाहेर काढले.

“काय म्हणालात, प्रोफे? मुख्य पंचाचा हात दिसला की काम भागतं ना, उठायचं ते माझं मी, म्हणून कानच बंद केले. उघडे असले की मी मेली तुमच्या आवाजाचीच वाट बघते.”

प्रोफेंनी एक बोळा तिच्या हातातून घेऊन उलटसुलट करून बघितला.

“काही नाही,” ते म्हणाले. “उठताना डावी टाच जरा उचलली होतीस.”