अक्रोडाच्या कपाळावरची आठी

माझी लेक शिल्पकार आहे. हे मी भाजी घेतानासुद्धा सांगते, कुणी विचारलेलं नसतं तरी. सांगणारच! जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते, मला हळू बोलता येत नाही आणि लेकीचं कौतुक पोटात ठेवता येत नाही.

वादळात वाचनालयाच्या अंगणातला जुना अक्रोड पडला. त्याच्याच खोडातून पुतळा करायचा आणि तिथेच उभा करायचा, असं वाचनालयाच्या समितीने ठरवलं. काम लेकीला मिळालं. पण अध्यक्षबाईंनी आधीच बजावलं होतं, पसंत पडला तर अंगणात, नाही तर राहील तुमच्या शेडमध्ये.

लेकीने विषय काढला ग्रीकांच्या पुराणातला. डॅफ्नी नावाची मुलगी. अपोलो नावाचा देव तिच्या मागे लागतो. ती नको म्हणते, तरी हा पिच्छा सोडत नाही. शेवटी बिचारी झाड होऊन सुटते.

"देव असला म्हणून काय झालं?" मी म्हटलं. "माझ्या बसमध्ये असता तर मधल्याच स्टॉपवर उतरवला असता."

मला वाटलं हसेल. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तिची कामाची तऱ्हा अशी की आधी खोडाचे चहूबाजूंनी फोटो काढायचे, ते कॉम्प्युटरमधल्या एआयला द्यायचे आणि गोष्ट सांगायची. मग तो चित्रं काढून दाखवतो, कुठल्या फांदीचा हात होईल, पाय कुठे मुळांत जातील. ती त्याला 'शहाणा' म्हणते. मी दीडशहाणा म्हणते. पण खोटं कशाला बोलू, चित्रं सुंदर होती. केसांची पानं होताहेत, ती पळता पळता मागे वळून बघतेय, डोळ्यांत भीती, कपाळ गुळगुळीत. समितीने त्यातलंच एक पसंत केलं.

घोळ झाला तो कपाळापाशी. खोडावर नेमकी तिथेच मोठी गाठ होती. शहाण्याला ती फोटोवरचा डाग वाटली आणि त्याने ती चित्रातून पुसून टाकली. लाकडातली गाठ अशी पुसता येते होय? पटाशी नुसती घसरायची.

"गाठ ठेवून नवं चित्र काढ म्हटलं," लेक सांगत होती, "तर म्हणतो, चेहरा बाजूला सरकवू. आणि आई, काही केलं तरी ती घाबरलेलीच येते. त्याने बघितलेत तेवढ्या सगळ्या डॅफ्नी घाबरलेल्याच आहेत ना! त्याला दुसरा चेहरा ठाऊकच नाही."

"मग सरकव की. त्यांनी पसंत केलंय तसं दे आणि मोकळी हो. नसते उपद्व्याप करू नकोस."

"नाही," एवढंच म्हणाली आणि शेडला आतून कडी घातली.

"हा हट्टीपणा कुणाचा घेतलाय हिने?" मी यांना विचारलं.

"मी काही बोलत नाही बाई," म्हणून हे पेपरात शिरले.

समिती आली त्या दिवशी मी शेडमध्ये दाराशीच उभी होते. लेकीने कापड ओढलं. पोटऱ्यांवर खरी साल तशीच ठेवलेली, बोटांना डहाळ्या फुटलेल्या, पाय मुळांत घट्ट गेलेले. माझा तर ऊर भरून आला. पण ही डॅफ्नी पळत नव्हती. अख्खी वळून, समोर बघत उभी होती.

अध्यक्षबाईंनी चित्राचा कागद पुतळ्याशेजारी धरला. "चित्रात ती घाबरलेली होती. ही तर रागावलीये. हे नाही चालणार आम्हाला."

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. आणि माझं डोकं सटकलं.

"का हो बाई?" मी पुढे झाले. "कुणी मागे लागला तर पोरीने घाबरतच राहायचं का? रागवायची सोय नाही? देव असो नाही तर देवाचा बाप असो!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, मग पुतळ्याकडे, परत माझ्याकडे. हे मागून हळूच म्हणाले, "अगं, आठी बघ."

बघितलं. गाठीच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या रेघा आणि मधे एक उभी. अगं बाई! रोज सकाळी आरशात दिसणारं माझंच कपाळ.

"लहानपणी शाळा सुटली की मी आईच्या बसमध्ये बसायचे," लेक अध्यक्षबाईंना म्हणाली. "एकदा एक माणूस एका मुलीला त्रास देत होता. ती जागा बदलायची, हा तिच्या मागे. आईने बेल मारून बस थांबवली आणि त्याच्याकडे नुसतं असं बघितलं. गुपचूप उतरला तो. शहाण्याकडे हा चेहरा नव्हता. माझ्याकडे होता. आणि झाडाने त्याची जागाही नेमकी राखून ठेवली होती."

अध्यक्षबाई जवळ गेल्या. गाठीवरून अंगठा फिरवला.

"त्या मुलीचं पुढे काय झालं?" त्यांनी मला विचारलं.

"काय होणार? घरी गेली."

मग बाईंनी चित्राच्या कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. "फाटकाकडे तोंड करून उभी करा," त्या लेकीला म्हणाल्या.

आता डॅफ्नी तिथे उभी आहे. भाजीला जाताना मी मुद्दाम त्या अंगणातून जाते. माझी लेक शिल्पकार आहे हे तिथे सांगावं लागत नाही. लोक पुतळ्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि मी 'पुढे चला' न म्हणताच बसमधल्यासारखे पुढे सरकतात. तरी मी सांगतेच.