परतीच्या परवान्यावरचा पंजा

मेव्हिस एक्याण्णव वर्षांची झाली, तरी बापावरचा तिचा राग काही थकला नव्हता. ती तीन वर्षांची असताना बाप, लुम याऊ, ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सचं दुकान बायकोवर सोपवून चीनला आपल्या म्हाताऱ्या आईला भेटायला गेला. दोन वर्षांनी आला तो दगड होऊन. तिला कधी कडेवर घेतलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. आपण असं काय केलं की बापाचं मन उडालं, हा एकच प्रश्न तिला जन्मभर खात आला.

आज नात ट्रूडी लॅपटॉप उघडून स्वयंपाकघरात बसली होती. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूचीत तिला पणजोबाचे परवाने सापडले होते. त्या काळी चिनी माणूस एकदा गेला की परत येऊ नये अशीच गोऱ्या सरकारची इच्छा. परतायचं तर आधी परवाना काढायचा. समोरून एक फोटो, बाजूने एक, आणि मागे शाईत उमटवलेला पंजा, चोराचा घेतात तसा.

"पोपो, हा पहिला. तेहतीस सालचा." आजीला ती चिनी रीतीने पोपोच म्हणायची.

चीनला जाण्याआधीचा त्याचा फोटो घरात एकही नव्हता. मेव्हिसला भरून आलं. "हाच गं माझा बाबा. किती गोड चेहरा! तिकडे कोणी काय खायला घातलं याला, देव जाणे."

"आणि हा पुढच्या खेपेचा, अडतीसचा."

"याला ओळखते मी. बघ, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड!"

ट्रूडी हसली नाही. तिने दोन्ही पंजे शेजारी शेजारी लावले. "पोपो, तेहतीसच्या पंजाची करंगळी अर्धी आहे."

"उसाच्या चरकात गेली असेल."

"मग पाच वर्षांनी उगवली कशी?"

मेव्हिसने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "परत येताना साहेबाने ताडून पाहिलं नाही?"

"पाहिलं की. खाली सही आहे."

"मेल्याला सगळे चिनी सारखेच!"

परवाने विकले जायचे, हे तिने लहानपणी मोठ्यांच्या कुजबुजीत ऐकलं होतं. बाबाने आपला कागद दुसऱ्या कोणाला तरी दिला, आणि त्यासोबत बायको, दुकान आणि तीन वर्षांची पोरही देऊन टाकली. आईला तर पहिल्या दिवशीच कळलं असणार.

"तिकडे वारले असतील गं ते," ट्रूडी म्हणाली.

"मेला असो नाहीतर राहिला असो, आला नाही ना?"

आणि हा दुसरा. परक्याच्या घराला त्याने तीस वर्षं पोसलं. परक्याच्या मुलीला हात लावायचा नाही, एवढी मर्यादा पाळली; तिने त्याला तुसडा ठरवलं. मरताना त्याने मेव्हिसला बोलावणं धाडलं होतं. ती इनिसफेलला, तासाभराच्या वाटेवर. सवड नाही, असं तिने कळवलं. तेव्हाच सांगणार होता बहुधा. आता जिवाची आग आग होऊन काय उपयोग?

"त्याला शोध," ती म्हणाली. "या सूचीत कुठेतरी असेलच."

ट्रूडीने शोधायची चौकट उघडली. "कोणत्या नावाने, पोपो?"

मेव्हिसने तोंड उघडलं. थडग्यावर तर बापाचं नाव होतं. समज आल्यापासून तिने या माणसाला बाबासुद्धा म्हटलं नव्हतं. 'ए, जेवायला चल,' एवढ्यावर भागवलं होतं.