मालकाचा मेलेला बैल

"बैल तुमचा मेला, मालक. तुम्हीच ओढा," असं आमचे हे तोंडावर बोलले, तेव्हा माझ्या हातातला विळाच गळून पडला. आम्ही दोघं मालकाच्या गोठ्यामागं चारा कापत होतो.

गावात कुणाचंही जनावर मरो, ते ओढून ओढ्यापलीकडं नेऊन टाकायचं काम आमच्या घराचं. सासऱ्यांचा जन्म त्यात गेला, त्यांच्यामागं हे. त्यावरून गाव आम्हाला शिवत नसे, आणि जनावर मेलं की हाक मारायलाही चुकत नसे. पण परवा आमच्या लेकीला शाळेत दाराबाहेर बसवलं. हिच्या अंगाला वास येतो म्हणे! पोर रडत घरी आली आणि ह्यांचं डोकं फिरलं.

"उद्यापासून माझ्या शेतात पाय ठेवायचा नाही," मालक म्हणाला. "बघतो तुमची चूल कशी पेटते ते."

"बघा," हे म्हणाले आणि मला घेऊन निघाले.

घरी सासूनं आकाशपाताळ एक केलं. "अरे, ओढला असतास एक बैल, तर काय झिजला असतास? तोंडचा घास घालवलास की रे! मी नाही सोसलं? मेले का मी?"

"तू सोसलंस म्हणूनच माझ्या लेकीच्या वाट्याला आलं, आई."

सासूला ते पटलं नाही. सकाळी पुन्हा तेच. "जा, पाय धर मालकाचे." खरं सांगते, मलाही धीर नव्हता. डब्यातलं पीठ तळाला गेलं होतं.

इकडे उन्हानं माती भाजत होती आणि बैल मालकाच्या दारात फुगत होता. वासानं शेजारपाजारची दारं लागली. मालकानं गडी बोलावले, तर "आमच्यात चालत नाही" म्हणून ते पांगले. सख्ख्या भावाला विनवलं, तर तो तसल्या उकाड्यात गोधडी पांघरून झोपला, अंगात कणकण आहे म्हणून. शेवटी मालकानं नाकाला फडकं बांधलं, स्वतःच्या हातानं मेलेल्या बैलाच्या पायांना दोर घातला, दुसरी जोडी जुंपली आणि ओढत नेला.

मी राहिलेला विळा आणायला गेले होते, तेव्हा तो परत आला. पायरीवर पाय ठेवणार, तोच त्याची आई आतून ओरडली, "थांब तिथंच! शिवू नकोस कशाला!"

"आई, मी आहे गं. घसा सुकलाय."

"दिसतंय मला. ओंजळ धर."

म्हातारीनं पायरीवरून पाणी ओतलं. तांब्या लागू नये म्हणून हात आखडून, अंग चोरून. मला रोज ओतायची तस्संच. कोपरापर्यंत ओघळ आले, तरी तो खाली वाकून पीत राहिला. वर पाहिलं तर समोर मी. त्यानं मान खाली घातली. मला त्याची कीव आली नाही. बरं वाटलं.

मग म्हातारीनं अंगणातच बादल्या ओतल्या. आंघोळ झाली, धुतलेलं धोतर आलं. "ये आता," ती म्हणाली आणि तो घरात गेला. आत ताटं मांडल्याचा आवाज आला.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सासू आधी हसली. मग एकदम थांबली.

"आंघोळ केली आणि घेतलं आत?"

"घेतलं."

"एकाच आंघोळीनं?"

"एकाच, आत्याबाई."

"मी तर जन्मभर रोज आंघोळ करत आले गं," ती म्हणाली. मग उठून ह्यांच्याजवळ गेली.

"त्याच्या दारात जाऊ नकोस रे परत," ती म्हणाली. "उपाशी राहू."