बिनपाठीची सीट

पडदे आणि सोफ्यांची कव्हरं शिवणाऱ्या त्या बाईला दुकानात, शेजारीपाजारी सगळे ताईच म्हणत. एकटी गुंडी तिला माऊ म्हणे. बोबड्या तोंडाला मावशी म्हणता येईना, म्हणून माऊ. आणि पुढे ते कुणी सरळ केलं नाही.

गुंडी ताईच्या पाठच्या बहिणीची मुलगी. नवरा अचानक गेला आणि धाकटीनं अंथरूण धरलं. आधी तिचं जेवण सुटलं, मग बोलणं. एके दिवशी ताई भेटायला गेली तर पोर ओल्या कपड्यांत दाराशी बसलेली आणि आई आत भिंतीकडे तोंड करून पडलेली. ताईनं पोरीला कडेवर घेतलं. "चार दिवस नेते," म्हणाली. त्या चार दिवसांची चार वर्षं झाली. लोक कौतुकानं म्हणायचे, माय मरो नि मावशी उरो. ताईला ती म्हण आवडत नसे. मरायला सांगितलेली माय तिची सख्खी बहीण होती.

दवाखाना, औषधं, पुन्हा दवाखाना असं करत धाकटी हळूहळू सावरली. दुसऱ्या गावात तिला नोकरी लागली. आधी ती महिन्यातून एकदा यायची, मग दर रविवारी. गुंडी तिच्या येण्याची वाट बघायला लागली. आणि एका रविवारी धाकटी खाली मान घालून म्हणाली, "ताई, मी तिला घेऊन जाऊ का?"

यासाठीच तर ताईनं तिला दवाखान्यात नेलं होतं, घास भरवले होते, गोळ्या गिळल्या की नाही ते तोंड उघडायला लावून पाहिलं होतं. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

न्यायच्या दिवशी धाकटी नुकतीच घेतलेली जुनी, बुटकी गाडी घेऊन आली. ताईनं आपल्या गाडीतून गुंडीची सीट, लहान मुलांना गाडीत बसवायची ती, काढली आणि तिच्या गाडीत मागे ठेवली. बसेना. छत मागे उतरतं होतं, सीटची उंच पाठ त्याला टेकून पुढे झुकत होती.

"पाठ काढता येते हिची," ताई म्हणाली. "नुसतं बूड ठेवायचं. हिच्याएवढ्या मुलांना चालतं."

तिनं सीट फरशीवर आडवी केली. पाठ मागे मागे वाकवत पार सपाट पाडली, बुडावर गुडघा रोवला आणि ओढली. दोन्ही आकडे कट्कन सुटले. फटीतून बिस्किटांचा चुरा सांडला, एक केसांची पिन, एक सुकलेलं द्राक्ष.

"माझी पिन!" म्हणत गुंडीनं ती उचलली. "माऊ, आता मी मोठ्या माणसांसारखी बसणार ना?"

"हो. पण पट्टा खांद्यावरून गेला पाहिजे, मानेवरून नाही. ही क्लिप त्यासाठी. आईला दाखव कशी लावायची."

गुंडी टुणकन आत जाऊन बसली, मांडीवर पिशवी घेऊन. आईला तिनं शिकवलं, पट्टा इथून घ्यायचा, इथे अडकवायचा. धाकटीनं आधी क्लिप उलटी लावली. दुसऱ्या खेपेला जमलं.

ताई दारातून वाकून बघत होती. गुंडीच्या डोक्यामागे काहीच नव्हतं. गाडीची सीट खांद्याशी संपत होती.

"हेडरेस्ट कुठाय?"

"मागे नाहीतच. का?"

"पाठ काढली की तेच लागतं. कानापर्यंत तरी. धक्का बसला तर मान सांभाळणार कोण?"

धाकटी गाडीला टेकून उभी राहिली. चेहरा उतरला. "म्हणजे एवढंसुद्धा मी बघून आले नाही," ती हळूच म्हणाली. "राहू दे, ताई. आज नको. मी नंतर येईन. मला नाही जमायचं बहुतेक."

ताईला तो आवाज ओळखीचा होता. अंथरूण धरायच्या आधीचा. तिला हेही कळत होतं की हे 'नंतर' वर्षभर लांबू शकतं. आपण गप्प बसायचं, बस्स. कुणी बोट दाखवणार नव्हतं.

पण गाडीच्या सीटच्या वरच्या कडेला, कव्हराच्या घडीत, दोन-दोन बारीक भोकं होती, काळ्या प्लास्टिकच्या कडा असलेली. जन्म कव्हरं शिवण्यात गेलेला. ती तिला वाकल्या वाकल्याच दिसली होती. हेडरेस्टच्या दांड्यांची जागा. आधीच्या मालकानं काढून ठेवले असणार.

गुंडीनं पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली. "आई, निघायचं ना?"

ताई सरळ उभी राहिली. "डिकी उघड."

स्टेपनीच्या खाली, जुन्या चादरीत गुंडाळलेले दोन्ही हेडरेस्ट सापडले. ताईनं स्वतः एक बसवला, वर ओढला, गुंडीच्या कानांशी आला का ते तळहात लावून पाहिलं. आला होता.

"मला झोप लागली तर डोकं कुठे ठेवू?" गुंडीनं विचारलं. काढलेल्या पाठीला डोकं टेकायला दोन्ही बाजूंनी कान होते.

ताई बोलणार, तोवर धाकटी म्हणाली, "मी गाडी थांबवीन."

गाडी वळणावरून गेली. गुंडीनं हात हलवला, पण आईशी काहीतरी बोलता बोलता. रडली नाही. ताई सीटची पाठ उचलून घरात आली. ती पलंगावर ठेवली, मग खाली ठेवली, मग दाराआड. कुठेही ठेवली तरी ती मध्येच येत होती.

दिवेलागणीला फोन आला. "पोहोचलो गं. उशीर झाला. हिला झोप लागली, मान कलंडायला लागली. पेट्रोल पंपावर थांबले, उठेपर्यंत."

"किती वेळ?"

"बराच. मांडीवर घेऊन बसले होते."

ताईनं डोळे मिटले. सगळा दिवस तिनं काळजीच्या आधारावर काढला होता. आता तीही उरली नाही.

"ताई," धाकटी म्हणाली, "ती भोकं तुला आधीच दिसली होती ना?"

"हो."

"मग लगेच का नाही बोललीस?"

ताईला खोटं सुचलं नाही. "तोंडच उघडेना गं," ती म्हणाली.

पलीकडे धाकटी रडायला लागली. मागे गुंडी विचारत होती, आई, कोण आहे, आई, काय झालं. ताईनं फोन कानाशी तसाच धरून ठेवला आणि पहिल्यांदाच बहिणीला उगी उगी म्हटलं नाही. तीही रडत होती.